लोह, यकृत आणि आंतड्यांतील सूक्ष्मजंतु



घरांतील मुलगी फिकी दिसूं लागली, जिना चढतांना तिला धाप लागूं लागली, म्हणजे वडील माणसें म्हणतात, "रक्त कमी झालें आहे, लोहाच्या गोळ्या सुरू करा." महिन्याभरांत गुण दिसला नाहीं, कीं गोळ्या दुप्पट होतात. हा हिशेब त्रैराशिकासारखा सोपा वाटतो: एका गोळीनें इतकें रक्त, तर दोन गोळ्यांनीं किती? परंतु देहाचा कारभार त्रैराशिकानें चालत नाहीं. लोहाचा कोठावळा यकृत आहे, आणि त्याच्या कारभारांत आपल्या आंतड्यांत राहणाऱ्या सूक्ष्मजंतूंचाही हात आहे. तो कसा, हें आज पाहूं.

प्रौढ माणसाच्या देहांत सुमारें ३ ते ४ ग्रॅम लोह असतें. म्हणजे एखाद्या लहानशा खिळ्याइतकें. त्यांतील सुमारें दोन तृतीयांश रक्ताच्या तांबड्या पेशींत असतें. जुन्या पेशी मोडतात तेव्हां त्यांतील लोह वायां न जातां नव्या पेशींच्या कामीं येतें. त्यामुळें अन्नांतून रोज अवघें १ ते २ मिलिग्रॅम लोह रक्तांत आलें तरी पुरतें. मात्र येथें एक विलक्षण गोष्ट आहे. अधिक झालेलें लोह मुद्दाम बाहेर टाकण्याची सोय देहांत नाहीं. आंत येण्यास दरवाजा आहे, बाहेर जाण्यास नाहीं. म्हणून सारा बंदोबस्त प्रवेशद्वारावरच ठेवावा लागतो.

हें प्रवेशद्वार लहान आंतड्याच्या अगदीं आरंभीच्या भागांत आहे. तेथील पेशी अन्नांतून लोह उचलतात व फेरोपोर्टिन नांवाच्या दारांतून तें रक्तांत सोडतात. देहांत लोह पुरेसें झालें, कीं यकृत हेप्सिडिन नांवाचें द्रव्य रक्तांत पाठवितें. तें त्या दाराला जाऊन चिकटतें आणि पेशी आपलें दारच मोडून टाकते. हा प्रकार २००४ सालीं स्पष्ट झाला. लोह कमी पडलें, म्हणजे हेप्सिडिन घटतें व दारें पुन्हां उघडतात. या द्रव्याच्या नांवांतील पहिला भाग यकृतावरून व दुसरा 'मारणारें' या अर्थानें घेतलेला आहे. कारण २००१ च्या सुमारास तें प्रथम जंतुनाशक म्हणून ध्यानांत आलें. नांव अगदींच अनाठायीं नाहीं. बहुतेक रोगजंतूंना वाढीसाठीं लोह लागतें. म्हणून देहांत दाह किंवा संसर्ग होतांच यकृत हेप्सिडिन वाढवितें आणि शत्रूची रसद तोडतें. दीर्घकाळ आजारी असलेल्या माणसाचें रक्त कमी होतें, त्याचें हें एक मोठें कारण होय.

आतां आंतड्यांतील रहिवाशांकडे वळूं. २०१६ सालीं केलेल्या मोजदादीप्रमाणें माणसाच्या देहांत सुमारें ३८ लाख कोटी जंतु असतात व त्यांतील बहुतेकांची वस्ती मोठ्या आंतड्यांत असते. त्यांतील कित्येक लोहासाठीं धडपडतात, तें पकडण्यासाठीं खास द्रव्यें सोडतात. उलट दह्यांत आढळणाऱ्या लॅक्टोबॅसिलस कुळांतील पुष्कळ जंतूंचें लोहावांचून फारसें अडत नाहीं. हे जंतु नुसते भाडेकरू नाहींत. अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठांतील संशोधकांनीं २०२० सालीं उंदरांवर प्रयोग करून दाखविलें, कीं कांहीं जंतूंपासून निघणारीं द्रव्यें लोह शोषण्याची यंत्रणा मंद करतात. लोह अतोनात सांचलेल्या उंदरांना हींच द्रव्यें दिलीं असतां त्यांचा भार हलका झाला.

मग न शोषलेल्या लोहाचें काय होतें? गोळींतील बरेंचसें लोह रक्तांत न जातां मोठ्या आंतड्यांत उतरतें आणि तेथील लोहाच्या भुकेल्या जंतूंचें फावतें. आफ्रिकेंतील आयव्हरी कोस्ट देशांत शाळकरी मुलांना ६ महिने लोहयुक्त बिस्किटें देऊन केलेली पाहणी २०१० सालीं प्रसिद्ध झाली. तींत उपद्रवी जंतूंच्या कुळाची वाढ, लॅक्टोबॅसिलसची घट आणि आंतड्यांच्या दाहाच्या खुणा आढळल्या.

यांत यकृताचा संबंध येतो तो असा. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकीं सुमारें तीन चतुर्थांश रक्त आंतड्यांकडून येणाऱ्या मोठ्या नीलेंतून येतें. आंतड्यांचें अस्तर बिघडलें, कीं जंतूंच्या देहाचे विषारी तुकडे त्याच वाटेनें यकृतांत शिरतात व तेथें दाह उत्पन्न करतात. मद्यपी माणसाच्या बाबतींत तर दुहेरी आपत्ति असते: मद्य आंतड्यांचें अस्तर सैल करतें आणि हेप्सिडिनही घटवितें. दारें उघडीं राहतात, लोह यकृतांत सांचतें आणि त्या अतिरिक्त लोहानें यकृताच्या पेशींची हानि होते.

यावरून कोणी गोळ्या फेकून देऊं नयेत. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत भारतांतील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकीं ५७ टक्के स्त्रियांत रक्त कमी आढळलें. त्यांना लोह हवेंच आहे. प्रश्न तें कसें द्यावें हा आहे. झुरिक येथील संशोधकांनीं लोह कमी असलेल्या तरुण स्त्रियांवर केलेला प्रयोग २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. रोज गोळी घेण्यापेक्षां एका दिवसाआड घेतली असतां तिच्यांतील लोहाचा अधिक भाग अंगीं लागतो, असें त्यांना दिसलें. कारण एका गोळीनें वाढलेलें हेप्सिडिन दुसऱ्या दिवशींही दार अडवून बसतें. मग गोळ्या दुप्पट करून काय साधणार?

तेव्हां गृहिणींनीं व गृहस्थांनीं इतकें करावें. गोळ्यांपूर्वीं रक्ताची, विशेषतः फेरिटिनची, तपासणी करून घ्यावी. मात्रा डॉक्टरांनींच ठरवावी. गर्भवती स्त्रीनें तर ती आपल्या मनानें मुळींच बदलूं नये. जेवणावर लगेच चहा घेऊं नये, कारण तो लोहाचें शोषण रोखतो. पालेभाजीवर व वरणावर लिंबू पिळावें, कारण तें शोषणास साह्य करतें. आणि गोळ्या घेऊनही रक्त वाढत नसेल, तर मात्रा वाढविण्याआधीं दार कां बंद आहे याची चौकशी करावी. कोठावळा शहाणा आहे. तो दार लावून घेतो तेव्हां त्याला कांहीं कारण असतें.