आकाशाकडे निघालेली ऊब

डिसेंबरच्या दुपारी दारव्ह्याच्या वावरात कापूस वेचताना घाम येतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच शिवारात गव्हाला पाणी द्यायला गेलेल्या माणसाची बोटं आखडतात. समुद्रापासून दूर असलेल्या या भागात हिवाळ्यात हवा कोरडी, आभाळ मोकळं आणि दिवस-रात्रीच्या तापमानात साधारण १५ अंशांचा फरक असतो. थंडी उत्तरेकडच्या वाऱ्यांबरोबर येते, हे खरंच. पण वाफ्यातली कोवळी रोपं सर्वांत जास्त सोसतात ती रात्र बहुधा वाऱ्याची नसते. ती शांत आणि निरभ्र असते. त्या रात्री नेमकं काय घडतं हे समजलं, की परसबाग, गोठा आणि घर यांच्यासाठी काय करावं आणि काय टाळावं, हेही समजतं.

जमीन का गारठते?

प्रत्येक वस्तू अवरक्त किरणांच्या रूपाने उष्णता बाहेर टाकत असते. तापलेली काळी जमीन, वांग्याचं पान, घरावरचं टिन, सगळ्यांचं हे काम रात्रंदिवस सुरू असतं. दिवसा सूर्याकडून येणारी उष्णता त्याहून जास्त असते, म्हणून ते जाणवत नाही. सूर्य मावळला की येणं थांबतं आणि जाणं सुरू राहतं. हवेत बाष्प किंवा ढग असतील, तर ते यातली बरीच उष्णता शोषून पुन्हा जमिनीकडे पाठवतात. ढगाळ रात्र गोधडी पांघरल्यासारखी उबदार वाटते ती याचमुळे. कोरड्या, निरभ्र रात्री मात्र बरीचशी उष्णता थेट अवकाशात जाते आणि पान भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतं. दव पडतं ते अशाच थंड पानांवर. लंडनमधले डॉक्टर विल्यम चार्ल्स वेल्स यांनी रात्री-रात्री तापमापक आणि लोकरीचे पुंजके मांडून हे तपासलं आणि १८१४ मध्ये दवाविषयीच्या निबंधात मांडलं.

आपल्या देशातल्या कारागिरांनी तर याच तत्त्वावर बर्फ तयार केला होता. अलाहाबादच्या परिसरात पाहिलेली ही पद्धत सर रॉबर्ट बार्कर यांनी १७७५ मध्ये लिहून ठेवली. उथळ खड्ड्यात ऊस किंवा मक्याची वाळलेली धाटं पसरायची, त्यावर मातीची पसरट भांडी ठेवून संध्याकाळी त्यांत पाणी भरायचं आणि सूर्य उगवण्याआधी बर्फ गोळा करायचा. भोवतालची हवा शून्य अंशाच्या वर असतानाही पाणी गोठायचं. थोडा वाटा बाष्पीभवनाचा होता, पण मुख्य काम मोकळ्या आकाशाचं होतं. ढग किंवा वारा आला, की बर्फ होत नसे.

त्या वाळलेल्या धाटांचं काम काय होतं? जमिनीतली ऊब भांड्यापर्यंत पोहोचू न देणं. आपल्या परसबागेसाठी ही फार महत्त्वाची गोष्ट आहे.

कुटार खाली, आच्छादन वर

सोयाबीनचं किंवा तुरीचं कुटार झाडाच्या बुडाशी पसरलं की ओल टिकते, तण कमी येतं, मुळांना ऊब मिळते. हे सगळं बरोबर आहे. पण कडक थंडीच्या रात्री तेच कुटार जमिनीची ऊब वर पानांपर्यंत येऊ देत नाही. बर्फाच्या खड्ड्यातल्या धाटांसारखंच ते काम करतं. लिंबू, पेरू, शेवगा अशा मोठ्या झाडांना त्याने फारसं बिघडत नाही. वांगी, भेदरं, मिरची यांच्या कोवळ्या रोपांना मात्र फक्त खालच्या कुटाराने संरक्षण मिळत नाही. त्यांना वरून आच्छादन हवं.

वाफ्याभोवती बांबूच्या कामट्या किंवा तुऱ्हाट्या रोवून त्यावर जुनी साडी, धोतर किंवा पोतं टाकावं. कापड पानांना टेकू नये आणि कडा जमिनीपर्यंत याव्यात, म्हणजे मातीतून निघणारी ऊब आतच राहते. अंधार पडल्यावर नव्हे, ऊन उतरतानाच झाकावं. सकाळी उन्हं आली की काढून ठेवावं, नाहीतर मातीला दिवसाची ऊब मिळणार नाही. पातळ प्लास्टिकमधून अवरक्त किरणं बरीचशी पार जातात, म्हणून रात्रीच्या थंडीत एकेरी प्लास्टिकपेक्षा जाडसर कापड बरं.

कोरड्या, भेगाळलेल्या मातीपेक्षा ओल्या मातीत दिवसाची उष्णता जास्त साठते आणि रात्री ती खालून वर सहज येते. म्हणून थंडीची लाट येणार असं कळलं, की परसबागेला आदल्या दिवशी सकाळीच हलकं पाणी द्यावं. हरभऱ्याच्या वावरात मात्र हात आखडता ठेवावा. भारी काळ्या जमिनीत पाणी साचलं, तर थंडीने होईल त्याहून जास्त नुकसान त्या पाण्याने होतं.

वीतभर उंचीवरची थंडी

बातम्यांत सांगतात ते तापमान जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत मोजलेलं असतं. रोपं त्या उंचीवर वाढत नाहीत. १९३२ मध्ये पुण्यात हवामान खात्याचा कृषी हवामान विभाग सुरू झाला. त्याची धुरा सांभाळणारे एल. ए. रामदास यांनी त्याच वर्षी आत्मनाथन यांच्यासह एक विलक्षण निरीक्षण प्रसिद्ध केलं. शांत, निरभ्र रात्री उघड्या जमिनीवरची सर्वांत थंड हवा मातीला चिकटून नसते, तर तिच्यावर साधारण वीतभर ते हातभर उंचीवर असते. जगातल्या अनेक शास्त्रज्ञांना सुरुवातीला हे पटलं नाही, पुढे इतरांच्या मोजणीतही तेच दिसलं. आज या थराला रामदासांचंच नाव आहे. वीतभर ते हातभर, म्हणजे बरोबर आपल्या रोपांची उंची.

थंड हवा जड असते, ती उताराने सखल जागी जाऊन साचते. अडाण नदीच्या खोऱ्यातली नाल्याकाठची वावरं पहाटे जास्त गारठतात ती यामुळे. गहू, हरभरा तिथे चालतो. पपई, केळी आणि भाजीची रोपं उंचवट्यावर लावावीत. २२ डिसेंबरच्या सुमारास भर दुपारीही दारव्ह्यात सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून सुमारे ४६ अंशांवरच असतो. म्हणून रोपवाटिका घराच्या दक्षिणेकडच्या भिंतीलगत करावी. भिंत दिवसभर तापते आणि रात्री ती ऊब रोपांना देते.

धूर, शेगडी आणि पऱ्हाटी

रात्री जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असते, त्यामुळे धूर वर न चढता वस्तीतच पसरतो. शेकोटी पेटवायची तर घरापासून दूर, सुक्या लाकडाची. ओला पालापाचोळा आणि प्लास्टिक तिच्यात टाकू नये. दमेकरी, लहान मुलं आणि म्हाताऱ्या माणसांना हा धूर सर्वांत आधी बाधतो.

त्याहून मोठा धोका बंद खोलीतल्या निखाऱ्यांचा आहे. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवण्याची चाल अनेक घरांत आहे. निखाऱ्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नसतो आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. झोपेतला माणूस जागाच होत नाही. शेक घेताना दार-खिडकी उघडी ठेवावी आणि निजण्याआधी शेगडी खोलीबाहेर न्यावी. बाळाला आईच्या अंगाशी, टोपडं घालून ठेवणं हा सर्वांत सुरक्षित शेक आहे.

टिनाचं छप्परही आकाशाकडे उष्णता टाकून लवकर गारठतं. घरात आणि गोठ्यात त्याखाली बांबूच्या ताट्या किंवा पोत्यांचं अस्तर लावलं, तर मोठा फरक पडतो. शेळ्यांच्या गोठ्याला वाऱ्याच्या बाजूने आडोसा करावा, पण वरची हवा जाण्याची जागा बुजवू नये. कोंडलेला मुताचा उग्र वायू करडांच्या फुप्फुसांना त्रास देतो.

पऱ्हाटीचंही भान ठेवावं. गुलाबी बोंडअळीच्या काही अळ्या थंडीत उरलेल्या बोंडांतच, सरक्यांमध्ये सुप्तावस्थेत राहतात. फरदड ठेवली किंवा बोंडांसकट पऱ्हाटीचे ढीग घराजवळ रचले, तर पुढच्या हंगामाची कीड आपणच सांभाळतो. २०१७ मध्ये राज्यातल्या कपाशीचं या अळीने केलेलं नुकसान आपण पाहिलं आहे. वेचणी संपवून डिसेंबरअखेर वावर मोकळं करावं, पऱ्हाटी यंत्राने बारीक करून मातीत मिसळावी.

तापमापक घरी असावा

दोन साधे तापमापक घ्यावेत. एक छातीच्या उंचीवर आणि एक रोपांच्या उंचीवर टांगावा आणि सूर्य उगवण्याआधी दोन्ही वाचून वहीत नोंद करावी. आभाळ निरभ्र होतं की ढगाळ, वारा होता की नव्हता, हेही लिहावं. गावातल्या शाळेतली मुलं हे काम आनंदाने करतील. एका हिवाळ्यात आपल्या अंगणातली सर्वांत थंड जागा कोणती, कोणत्या रात्री रोपं झाकायची आणि कोणत्या रात्री निर्धास्त झोपायचं, हे त्या वहीतून कळेल. जिल्ह्याचा हवामान अंदाज उपयोगी आहेच. त्याला आपल्या वावराच्या नोंदीची जोड मिळाली, तर तो खऱ्या अर्थाने आपल्या कामाचा होतो.