मंडळी सोडणाऱ्याला कायद्याचा आधार

जवाहरनगरसारख्या आयुध निर्माणीच्या वसाहतीत कामावरचा सोबती, शेजारी आणि प्रार्थनेतला भाऊ पुष्कळदा एकच असतो. म्हणून पाळकाचा शब्द अंतिम मानणारी ख्रिस्ती मंडळी सोडताना श्रद्धेआधी माणसं तुटतात, आणि ते फार जिव्हारी लागतं. पण ‘त्याच्याशी कुणी बोलू नका’ हे फर्मान महाराष्ट्रात गुन्हा ठरू शकतं. १९४९चा बहिष्कारविरोधी कायदा दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९६२मध्ये रद्द केला होता. जातपंचायतींच्या जाचामुळे २०१६चा नवा कायदा आला, ३ जुलै २०१७पासून लागू झाला. धर्मांतराने जुळलेला समूहही त्यात येतो. शिक्षा : तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तक्रार पोलिसांकडे किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करता येते. फर्मान कुणी, कधी, कुणासमोर काढलं, हे आधीच लिहून ठेवावं.