टक्कल पाण्याने पडत नाही

नंदुरबार, शहादा, तळोद्याकडे तरुण पोराचं कपाळ वर चढू लागलं की पहिला दोष बोअरच्या जड पाण्यावर जातो, मग टोपीवर, हेल्मेटवर, तेल न लावण्यावर. पण पुरुषांचं टक्कल पडतं कसं, ते नीट पाहा. कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांत केस मागे सरतात, टाळू विरळ होते आणि कानांवरून मागे जाणारी पट्टी शेवटपर्यंत टिकते. पाणी तर सगळ्या डोक्यावर पडतं. ते टाळू तेवढी निवडून मागची बाजू कशी सोडेल? त्याच पाण्याने न्हाणाऱ्या बहिणीचं कपाळ असं मागे जात नाही. मिरचीच्या पथारीवर काम करणाऱ्या बायका ठसक्यापासून वाचायला तासन्‌तास डोकं-तोंड फडक्याने गच्च बांधतात. झाकल्याने टक्कल पडत असतं तर आधी त्यांना पडलं असतं. जड पाण्याने केस राठ होतात, तुटतात, हे खरं. मुळाला त्याने धक्का लागत नाही.

मुळाशी काम करतो तो डीएचटी. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकापासून तो शरीरातच तयार होतो. ज्यांच्या केसांची मुळं जन्मतःच त्याला हळवी असतात, त्यांचा केस वाढीच्या दर फेरीत आखूड आणि बारीक उगवतो, शेवटी नुसती लव उरते. अमेरिकेतले संशोधक जेम्स हॅमिल्टन यांनी 1942 साली दाखवलं, की वयात येण्याआधी वृषण गमावलेल्यांना टक्कल पडत नाही. त्यांना टेस्टोस्टेरॉन दिलं, तर घराण्यात टक्कल असलेल्यांचेच केस जातात. म्हणजे संप्रेरक हवं आणि वारसाही हवा. टक्कल असलेल्याच्या अंगात पुरुषी संप्रेरक जास्त असतं, ही समजूत म्हणूनच चूक. फरक मुळांच्या हळवेपणात आहे. वारसा फक्त मामाकडून येतो हेही अर्धसत्य. एक महत्त्वाचं जनुक आईकडून येतं, पण बाकीची अनेक दोन्हीकडून येतात.

यावर कोणी शेगावचं उदाहरण देईल. 2024 च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यातल्या त्या तालुक्यात काही दिवसांतच लोकांचे केस हातात येऊ लागले आणि संशय आधी पाण्यावरच गेला. पण तिथे बायका-मुलांचेही केस गेले, तेही झपाट्याने. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवलं. तो आजार वेगळा. मलेरिया-टायफॉइडच्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी होणारी गळतीही वेगळी. ती बहुधा आपोआप भरून येते. वर्षानुवर्षं हळूहळू कपाळ चढवणारं टक्कल मात्र आपोआप मागे फिरत नाही.

त्यावर उपचार आहेत. मिनॉक्सिडिल या औषधाचा परिणाम दिसायला चार ते सहा महिने लागतात आणि ते थांबवलं की फायदा ओसरतो. फिनास्टराइड डीएचटी कमी करतं, पण काहींना लैंगिक तक्रारी होतात, म्हणून ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. बाजारातल्या महागड्या तेलावर पैसे घालण्याआधी त्वचारोगतज्ज्ञाला एकदा डोकं दाखवा, आणि केस अचानक किंवा चट्ट्याचट्ट्याने जात असतील तर लगेच दाखवा.