खारी जमीन आणि भाजीचे बी

गोव्यात पावसाळा सरून भाताची कापणी झाली, की खाजणाच्या कडेने भाजीचे वाफे दिसू लागतात. बी चांगले, खत पुरेसे, मातीची ओलही हाताला लागते. तरी काही वाफे उगवतच नाहीत. मग सारा दोष बियाणे विकणाऱ्याच्या माथी येतो. पुष्कळदा तो बिचारा निरपराध असतो.

बी रुजण्याची पहिली पायरी म्हणजे पाणी शोषून फुगणे. विरघळलेले क्षार जिकडे अधिक, तिकडे पाण्याची ओढ असते. मातीतील पाण्यातच मीठ वाढले, की बियाची शक्ती तोकडी पडते आणि ओलीत पडूनही ते तहानलेलेच राहते. वनस्पतिशास्त्रज्ञ शिंपर यांनी १८९८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या अवस्थेला शरीरक्रियात्मक अवर्षण म्हटले, ते अन्वर्थकच होय. अवर्षणाने अडलेले बी पाणी मिळताच बहुधा उगवते. सोडियम व क्लोराइड मात्र आत शिरून अंकुराला इजाही करतात. मोठ्या रोपातही हा भेद दिसतो. पाणी तुटले की पर्णरंध्रे मिटतात, पाने माना टाकतात. मीठ साचले की जुन्या पानांच्या कडा आधी करपतात. टोमॅटोचे बूड काळे पडते ते मात्र दोन्ही कारणांनी, कारण फळापर्यंत पुरेसे कॅल्शियम पोचत नाही.

क्षारता विद्युतवाहकतेवरून मोजतात. घेवडा व गाजर यांचे उत्पन्न १ डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या पुढे घटू लागते, टोमॅटोचे २.५ च्या पुढे, बीटचे ४ च्या. तथापि हेच सोशिक बीट अंकुरताना हळवे असते; त्या वेळी ३ च्या वर क्षारता त्याला मानवत नाही.

सरीत सोडलेले पाणी वरंब्यात चढते, माथ्यावर आटते आणि मीठ तेथेच ठेवून जाते. म्हणून बी माथ्यावर न टोचता वरंब्याच्या बगलेला टोचावे. मीठ खाली न्यायचे तर एकदा भरपूर गोडे पाणी देऊन ते निचऱ्याने बाहेर गेले पाहिजे. निचरा नसेल तर तेच मीठ पुन्हा वर येते. खाजणात हे काम पाऊस फुकट करतो, पण बांध व मानस धड असेल तरच. बांधाला भगदाड पडले, तर भरतीचे पाणी धुतलेली जमीन पुन्हा खारवून टाकते.

वांगी, मिरची, कांदा यांची रोपे गोड्या जमिनीत वाढवून मग लावली, तर पिकाचे सर्वांत नाजूक वय तरी खाऱ्या मातीबाहेर जाते.