झेलापूर्वीची धाव

आपल्याकडे फुटबॉल म्हटले की पायाने चेंडू खेळवणारे अकरा गडी डोळ्यांसमोर येतात. अमेरिकेत मात्र याच नावाचा एक निराळा खेळ आहे. त्यातही गडी अकराच; पण चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता, आणि तो हातात धरून पळायचा, फेकायचा, झेलायचा. चेंडू ज्या संघाकडे असेल त्याने चार प्रयत्नांत किमान १० यार्ड पुढे सरकायचे. न जमल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. असे करीत चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेला की ‘टचडाउन’ होऊन ६ गुण मिळतात. विद्यापीठांच्या संघांचे सामने पाहायला तेथे ८०-८० हजार प्रेक्षक जमतात.

या खेळात ‘क्वार्टरबॅक’ चेंडू फेकतो आणि मैदानाच्या कडेला दूर उभा असलेला ‘वाइड रिसीव्हर’ पळत जाऊन तो झेलतो. पाहणाऱ्याला दिसतो तो झेल. प्रशिक्षक मात्र जास्त करून शिकवतो ते झेलापूर्वीचे. किती पावले सरळ पळायचे, नेमके कुठे वळायचे, अंगावर येणाऱ्या गड्याला चकवायचे कसे, हे सारे आधी आखलेले असते. पुष्कळदा खेळाडू वळण्यापूर्वीच चेंडू हातातून सुटलेला असतो. वळण एका पावलाने चुकले तर चेंडू रिकाम्या जागी पडतो, नाहीतर प्रतिपक्षाच्या हाती लागतो. शिवाय बहुतेक धावा चेंडू न मिळताच संपतात. तरीही प्रत्येक धाव चेंडू आपल्याकडेच येणार अशा जोमाने धावायची, हे तरुण पोरांच्या अंगी बाणवणे हेच या शिक्षकाचे खरे काम होय.

आणि त्याची स्वतःची नोकरी? संघाचा मुख्य प्रशिक्षक आपले साहाय्यक निवडतो. संघ हरू लागला की मुख्याला काढतात, आणि त्याच्याबरोबर साहाय्यकांचेही सामान बांधले जाते. याच्या खेळाडूंनी सारे झेल अचूक घेतले असले तरी त्यात फरक पडेलच असे नाही.

डाबो स्विनी यांचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. त्यांचा जन्म १९६९ साली अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम येथे झाला. घरची परिस्थिती ओढगस्तीची. विद्यापीठात शिकताना त्यांची आईही त्यांच्याच बिऱ्हाडी राहत असे. अलाबामा विद्यापीठाच्या संघात ते शिष्यवृत्तीविना, स्वतःहून चाचणी देऊन शिरले. अशा खेळाडूस तेथे ‘वॉक-ऑन’ म्हणतात. जागा अर्थातच वाइड रिसीव्हरची. १९९२ च्या हंगामात अलाबामाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, त्या संघात ते होते. पुढे व्यवस्थापनशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेता घेता ते तेथेच उमेदवारी करू लागले आणि १९९६ साली पूर्णवेळ साहाय्यक प्रशिक्षक झाले.

२००० च्या हंगामात अलाबामाने ११ पैकी ८ सामने गमावले. मुख्य प्रशिक्षकाबरोबर स्विनींचीही नोकरी गेली. पुढची सुमारे दोन वर्षे त्यांनी बाजारसंकुले उभारणाऱ्या एका कंपनीत काढली. मैदान सुटले ते सुटलेच, असे कोणालाही वाटले असते. पण २००३ साली दक्षिण कॅरोलायनातील क्लेमसन विद्यापीठाचे प्रशिक्षक टॉमी बाउडेन यांनी त्यांना वाइड रिसीव्हरांचे प्रशिक्षक म्हणून बोलावून घेतले.

ऑक्टोबर २००८ मध्ये बाउडेन हंगामाच्या ऐन मध्यावर पायउतार झाले. या वेळी मात्र फासा उलटा पडला. साऱ्या चढाईची वा बचावाची सूत्रे स्विनींनी कधीच सांभाळली नव्हती; तरीही विद्यापीठाने हंगामी मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांनाच नेमले. पहिलाच सामना ते जॉर्जिया टेकविरुद्ध १७–२१ असा हरले. पण हंगामाचा उरलेला भाग सावरला आणि डिसेंबरात नेमणूक कायम झाली.

९ जानेवारी २०१७ रोजी टँपा येथे राष्ट्रीय विजेतेपदाचा सामना झाला तो क्लेमसन आणि अलाबामा यांच्यात, म्हणजे स्विनींच्या जुन्याच विद्यापीठाशी. १ सेकंद उरला असताना क्लेमसनचा क्वार्टरबॅक डेशॉन वॉटसन याने फेकलेला चेंडू हंटर रेनफ्रो याने झेलला आणि क्लेमसनने ३५–३१ असा सामना जिंकला. हा रेनफ्रोही वाइड रिसीव्हर, आणि संघात आला तोही वॉक-ऑन म्हणूनच! क्लेमसनचे यापूर्वीचे विजेतेपद १९८१ चे होते. २०१८ च्या हंगामात तर सर्वच्या सर्व १५ सामने जिंकून त्यांनी ते पुन्हा मिळवले.

तथापि या पेशाची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. २००८ साली स्विनींच्या जागी वाइड रिसीव्हरांना शिकवू लागले ते जेफ स्कॉट. क्लेमसनच्या दोन्ही विजेतेपदांत त्यांचा वाटा होता. त्या बळावर ते साउथ फ्लोरिडा विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक झाले. तेथे ३० पैकी फक्त ४ सामने जिंकता आले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यांना जावे लागले.

एकाच जागेवरून निघालेल्या दोघांच्या वाटा अशा दोन दिशांना गेल्या. यावरून स्कॉट कमी प्रतीचे शिक्षक होते असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. चेंडू केव्हा आणि कोणाकडे येईल हे या पेशात शिष्याच्या हाती नसते, तसेच ते गुरूच्याही हाती नसते. आपली धाव नेमकी ठेवणे तेवढे दोघांनाही करता येते.