पाणी पाहून मासा : घरच्या टाकीसाठी टेट्रा

काळ्या भारी जमिनीत जे पीक साधते ते मुरमाड माळावर साधत नाही, ही गोष्ट शेतकऱ्याला कोणी शिकवावी लागत नाही. परंतु तोच शेतकरी मुलांच्या हौसेखातर तालुक्याच्या गावाहून पिशवीत रंगीत मासे घेऊन येतो, तेव्हा घरचे पाणी त्यांना मानवेल की नाही, हा विचार त्याच्या मनात सहसा येत नाही. त्याच दिवशी काचेची टाकी भरली जाते, त्याच दिवशी मासे सोडले जातात आणि आठ-दहा दिवसांत एकेक मासा उलटा होऊन तरंगू लागतो. मुले हिरमुसतात, पैसे वाया जातात आणि ‘आपल्या घरी मासे लाभत नाहीत’ असे म्हणून रिकामी टाकी माळ्यावर टाकली जाते. यात नशिबाचा काही संबंध नाही. अयोग्य पाणी आणि घाई ही या मरतुकीची दोन प्रमुख कारणे होत; आणि दोन्ही टाळता येण्याजोगी आहेत.

घरगुती टाकीतील माशांत टेट्रा हा गट फार लोकप्रिय आहे. मासे आकाराने लहान, रंगाने आकर्षक व बहुतेक स्वभावाने शांत असतात. त्यांना जागाही थोडी लागते. म्हणून पाण्यास अनुसरून टेट्राची निवड कशी करावी, याची माहिती पुढे दिली आहे.

टेट्रा म्हणजे कोणता मासा?

टेट्रा हे एका माशाचे नाव नसून अनेक जातींना मिळून दिलेले नाव आहे. यांतील बहुसंख्य जाती दक्षिण व मध्य अमेरिकेतील असून काही आफ्रिकेतील आहेत. पाठीवरील पर व शेपटी यांच्यामध्ये असणारा एक लहानसा मांसल पर ही बहुतेक टेट्रांची ओळख होय. आपल्याकडे तळ्यांतून वाढविला जाणारा आणि बाजारात ‘रूपचंद’ म्हणून विकला जाणारा मासा याच मोठ्या गणातील आहे. तो मूळचा दक्षिण अमेरिकेचाच. तेव्हा टेट्राचा एक धिप्पाड भाऊबंद आपल्या परिचयाचा आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

टेट्रा थव्याने राहणारा मासा आहे. एकटा-दुकटा ठेवल्यास तो भेदरून कोपऱ्यात दडतो किंवा इतर माशांचे पर कुरतडतो. म्हणून एका जातीचे किमान सहा मासे एकत्र ठेवावेत; आठ-दहा असल्यास अधिक चांगले.

ज्या पाण्यात तो घडला

ब्राझीलमधील रिओ नेग्रो ही अमेझॉनची मोठी उपनदी आहे. या नावाचा अर्थच ‘काळी नदी’ असा आहे. रानातील कुजलेल्या पालापाचोळ्याचा अर्क उतरून तिचे पाणी कोऱ्या चहासारखे दिसते. त्यात क्षार जवळजवळ नसतातच आणि ते आम्लधर्मी असते. पावसाळ्यात नदी कित्येक मीटर चढून रानात शिरते आणि झाडांच्या मुळांत, बुडालेल्या पाल्यात कार्डिनल टेट्रा वाढतो. १९५६ मध्ये शास्त्रीय नाव मिळालेला हा मासा जेमतेम चार-पाच सेंटिमीटर लांबीचा असतो. अंगावर निळी झळाळती रेघ व तिच्याखाली डोक्यापासून शेपटीपर्यंत लाल पट्टा असे त्याचे रूप असते.

याच नदीकाठच्या बार्सेलोस या गावातील अनेक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या हे मासे पकडून उदरनिर्वाह करीत आली आहेत. एके काळी तेथून दरवर्षी कोट्यवधी मासे परदेशी जात. पुढे कार्डिनलची पैदास इतर देशांतील संगोपन केंद्रांतही होऊ लागली आणि या कोळ्यांचा धंदा रोडावला. मासेमारीवर पोट असले म्हणजे माणूस रान राखतो. तो आधार सुटला की झाडतोड, खाणकाम यांकडे वळणे त्याला भाग पडते. हे ओळखून १९८९ पासून ‘प्रोजेक्ट पियाबा’ हा उपक्रम तेथे या मासेमारीस व पर्यायाने त्या रानास टिकवून धरण्याचे काम करीत आहे. बोटाच्या पेऱ्याएवढ्या माशामागेही माणसांचे संसार उभे असतात, ही जाणीव ठेवून त्याची निगा राखणे उचित होय.

घरचे पाणी ओळखावे

आपल्याकडे पठारावरील पुष्कळशा विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी रिओ नेग्रोच्या अगदी उलट, म्हणजे जड व अल्कधर्मी असते. ते ओळखण्यास प्रयोगशाळेत जाण्याचे कारण नाही. ज्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि तापविण्याच्या भांड्याच्या तळाशी पांढरे कीट धरते, ते पाणी जड समजावे. पावसाचे पाणी याउलट मृदू असते.

जड पाणी मृदू करण्याचा सोपा उपाय म्हणजे त्यात पावसाचे पाणी मिसळणे. दोन्ही समप्रमाणात घेतल्यास जडपणा सुमारे निम्म्यावर येतो. पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी वाहून जाऊ द्यावे आणि नंतरचे कौलारू किंवा सिमेंटच्या स्वच्छ छपरावरून धरावे. जस्ताच्या पत्र्यावरील पाणी घेऊ नये. जस्त माशांना विषारी असते. मात्र नुसत्या पावसाच्या पाण्यावर टाकी चालवू नये. त्यात क्षारांचा आधार नसल्याने आम्लता एकाएकी वाढण्याचा धोका असतो.

नळाचे पाणी टीसीएल पावडर टाकून शुद्ध केलेले असल्यास ते उघड्या बादलीत निदान चोवीस तास ठेवून मगच वापरावे, म्हणजे त्यातील क्लोरीन उडून जातो.

कोणता टेट्रा निवडावा?

ब्लॅक विडो टेट्रा – नवशिक्याने याच माशापासून आरंभ करावा. हा पॅराग्वे नदीच्या खोऱ्यातील असून पाच-सहा सेंटिमीटर वाढतो. रुपेरी अंगावर दोन उभे काळे पट्टे व मागील भागास काळा घोळदार पर असतो. मध्यम जड पाणी व थंडी-उन्हाळ्यातील चढउतार तो सोसतो. वय वाढेल तसा काळा रंग फिकट होतो, तो रोग नव्हे. लांब पर असलेल्या माशांना तो टोचतो. म्हणून एंजल, फायटर यांच्यासोबत ठेवू नये. याच माशाच्या पांढऱ्या वाणाला कृत्रिम रंग देऊन विकण्याची वाईट चाल आहे. रंग देताना माशाला इजा होते आणि रंगही टिकत नाही. असे मासे घेऊ नयेत.

प्रिस्टेला टेट्रा – अंग काचेसारखे पारदर्शक, आतील कणा दिसतो. परांवर पिवळा, काळा व पांढरा रंग असतो. किंचित मचूळ पाण्यातही निसर्गतः आढळणारी ही जात असल्याने जड पाणी असलेल्या घरांस हिची शिफारस करावी.

निऑन टेट्रा – सर्वांच्या आवडीचा. १९३४ मध्ये पेरूकडील अमेझॉनच्या प्रदेशात ऑगस्ट राबो या फ्रेंच संग्राहकाला हा सापडला व १९३६ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन झाले. याचा लाल पट्टा केवळ मागील अर्ध्या अंगावर असतो, हाच निऑन व कार्डिनल यांतील फरक. आज विकले जाणारे बहुतेक निऑन केंद्रांत वाढविलेले असल्याने मध्यम पाण्यात जगतात, परंतु मृदू पाणी त्यांना अधिक मानवते. नव्या टाकीत हा मासा कधीही सोडू नये.

कार्डिनल टेट्रा – मृदू पाण्याची सोय असेल तरच घ्यावा. निऑनपेक्षा याला थोडे अधिक उबदार पाणी, सुमारे २४ ते २८ अंश सेल्सिअस, लागते.

रमीनोज टेट्रा – याचे डोके लालभडक असते. पाणी बिघडले किंवा मासा घाबरला की ही लाली उतरते. पिवळ्या पडलेल्या पानावरून पिकाची भूक कळावी, तशी या माशाच्या डोक्यावरून टाकीची अवस्था कळते. अनुभव आल्यानंतरच हा पाळावा.

टाकीची तयारी

साठ सेंटिमीटर लांब, तीस रुंद व तीस उंच अशा टाकीत काठोकाठ ५४ लिटर पाणी मावते. म्हणजे केवळ पाण्याचेच वजन ५४ किलो होते. सबब टाकी भक्कम चौरंगावर, थेट ऊन लागणार नाही अशा जागी ठेवावी. तळाशी घालावयाच्या खडीवर लिंबाचा रस टाकून पाहावा. फसफसल्यास तीत चुनखडी आहे असे समजून ती वापरू नये, कारण तिच्यामुळे पाणी आणखी जड होते.

यानंतरचा भाग सर्वांत महत्त्वाचा. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. तो त्यांना विषासारखा असून अल्कधर्मी पाण्यात अधिकच घातक ठरतो. जमिनीत जसे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट व नायट्राइटचे नायट्रेट करतात, तसेच ते टाकीतही करतात. परंतु हे जिवाणू गाळण्याच्या स्पंजावर व खडीवर रुजण्यास तीन ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत टाकी पाहण्यास स्वच्छ असली तरी माशांना राहण्यायोग्य नसते. नव्या टाकीतील मासे बहुधा यामुळेच दगावतात.

म्हणून टाकी भरून, पंप व स्पंजाचा गाळणा चालू करून, रोज चिमूटभर खाद्य टाकीत टाकावे व वाट पाहावी. दुधाला विरजण लावावे त्याप्रमाणे एखाद्या जुन्या निरोगी टाकीतील स्पंजाचा तुकडा मिळाल्यास हा काळ कमी होतो. त्यानंतर प्रथम केवळ सहा ब्लॅक विडो किंवा प्रिस्टेला सोडावेत. ते दोन-तीन आठवडे ठणठणीत राहिल्यास दुसरी जात आणावी. वरील मापाच्या टाकीत एकूण दहा-बारा लहान टेट्रा पुरेत. वीज वारंवार जात असल्यास संख्या याहूनही कमी ठेवावी.

मासे आणल्यावर पिशवी पंधरा-वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवावी. मग अर्ध्या तासात थोडे थोडे टाकीचे पाणी पिशवीत घालावे आणि शेवटी जाळीने मासे टाकीत सोडावेत. पिशवीतील पाणी टाकीत ओतू नये.

निगा

खाद्य दिवसातून दोन वेळा, दोन मिनिटांत संपेल इतकेच द्यावे. उरलेले खाद्य कुजून अमोनिया वाढवते. दर आठवड्यास एक-चतुर्थांश पाणी बदलावे. काढलेल्या पाण्यात नायट्रेट असल्याने ते परसातील कढीपत्त्याला किंवा वांग्या-मिरचीला घालावे. गाळण्याचा स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. तो नळाखाली धुतल्यास क्लोरीनने जिवाणू मरतात आणि सर्व मेहनत पुन्हा आरंभापासून करावी लागते.

निऑनचा रंग ठिपक्याठिपक्यांनी उडू लागला, अंग वाकले व मासा थव्यापासून वेगळा राहू लागला, तर ‘निऑन रोगा’ची शंका घ्यावी. या रोगावर खात्रीचा उपाय नाही. असा मासा तत्काळ वेगळा करावा, मेलेला मासा टाकीत राहू देऊ नये.

जोडधंदा म्हणून विचार

निऑनची अंडी अतिमृदू पाण्यात व अंधारातच नीट उबतात. म्हणून त्याच्या पैदाशीच्या मागे नवशिक्याने लागू नये. ब्लॅक विडोची पैदास मात्र परसात साधते. पोटाने फुगीर दिसणारी मादी व सडपातळ नर वेगळ्या टाकीत सोडावेत. तळाशी जाळी किंवा बारीक पानांच्या पाणवनस्पती ठेवाव्यात. मादी एका वेळी शेकडो अंडी विखरून टाकते. आई-बापच ती खातात, म्हणून अंडी पडताच त्यांना बाहेर काढावे. सुमारे एका दिवसात पिले निघतात. काही दिवसांनी ती पोहू लागली म्हणजे प्रथम सूक्ष्मजीव व पुढे आर्टेमियाची पिले खाऊ घालावीत.

तथापि मासे वाढविण्याआधी ते कोण घेणार याची खात्री करावी. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातील शोभिवंत मत्स्यसंगोपनासाठी ३ लाख रुपये एकक खर्च धरून ४० टक्के, तर महिला व अनुसूचित जाती-जमातींसाठी ६० टक्के साहाय्य ठेवण्यात आले होते. सध्या कोणते साहाय्य उपलब्ध आहे, याची चौकशी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात करावी. ग्रामकार्यकर्त्यांनी महिला बचत गटांस प्रथम एकच टाकी सहा महिने चालवून पाहण्यास सांगावे व मगच कर्जाचा विचार करू द्यावा.

शेवटी एक इशारा. मासे नकोसे झाले तरी ते विहिरीत, ओढ्यात किंवा तलावात कदापि सोडू नयेत. परका मासा एकदा वाहत्या पाण्यात गेला की तो परत काढता येत नाही आणि त्याची झळ स्थानिक माशांना व त्यांवर जगणाऱ्या भोई-कोळी बांधवांना बसते. असे मासे दुकानदारास किंवा दुसऱ्या हौशी घरास द्यावेत.

शेतकरी पेरणीपूर्वी जमीन तयार करतो. वापसा येईपर्यंत थांबतो. तोच धीर काचेच्या टाकीपुढे दाखविल्यास सहा साधे टेट्रा घरात वर्षानुवर्षे सुखाने नांदतील. आधी पाणी, मग मासा, एवढे ध्यानात ठेवावे.