आवाजाचा माग

इंजिनापासून चाकापर्यंत पोचताना शक्तीला जितके वळसे घ्यावे लागतात तितकी आवाजाची उगमस्थाने गाडीच्या पोटात असतात, आणि असे वळसे सर्वांत अधिक कोठे असतील तर ते चारही चाकांना जोर देणाऱ्या पिकअपमध्ये. विलीज-ओव्हरलँड या अमेरिकन कंपनीने महायुद्धातील जीपच्या अनुभवाच्या बळावर १९४७ मध्ये अशी पिकअप विक्रीस काढली, आणि त्याच दशकाच्या उत्तरार्धात मुंबईत महिंद्रांनी जीपच्या जुळणीस हात घातला. त्यानंतर इंजिने बदलली, सुखसोयी वाढल्या. परंतु गिअरबॉक्समागे ट्रान्स्फर केस, तिच्यातून पुढच्या-मागच्या ॲक्सलकडे जाणारे दोन प्रोपेलर शाफ्ट, शाफ्टांच्या टोकांशी क्रॉस, ॲक्सलच्या पोटात क्राउन-पिनियन आणि शेवटी हबातील बेअरिंग ही मांडणी घाटवाटांवर माल वाहणाऱ्या पिकअपमध्ये बहुतांशी कायम आहे.

मालकाची फिर्याद बहुधा एका वाक्याची असते : “खालून आवाज येतोय.” जाणता मिस्त्री एवढ्यावर पाना उचलत नाही. आवाज कोणत्या वेगाला सुरू होतो, ॲक्सिलरेटर दाबल्यावर वाढतो की सोडल्यावर, वळणावर कमी-जास्त होतो काय, फोर-व्हील टाकल्यावरच येतो की एरवीही, याची तो बारकाईने जबानी घेतो, आणि मग मालकाला शेजारी बसवून, गाडी स्वतः हाकून, प्रत्येक उत्तराची खातरजमा करतो. माझ्या मते या विद्येचा मोठा हिस्सा येथेच आहे. सुटे भाग सहज मिळू लागल्यापासून या चौकशीचा कंटाळा केला जातो, आणि जिला केवळ एक क्रॉस हवा होता त्या गाडीचा गिअरबॉक्स उतरविला जातो, ही मला या धंद्यातील खरी हानी वाटते.

या चौकशीला गणिताचा भक्कम आधार आहे. चाकाचा परीघ सव्वादोन मीटर धरला, तर ताशी ६० किलोमीटर वेगाला चाक मिनिटाला सुमारे ४४५ फेरे घेते, म्हणजे सेकंदाला सात-साडेसात. आणि क्राउन-पिनियनचे प्रमाण ४.१ असेल तर त्याच वेळी प्रोपेलर शाफ्ट सेकंदाला तीस फेरे घेत असतो. क्रॉस कोनात फिरत असल्याने प्रत्येक फेऱ्यात शाफ्टची गती दोनदा वाढते व दोनदा घटते, आणि म्हणून त्याचा कंप सेकंदाला साठाच्या घरात जातो. चाकाची संथ धडधड आणि शाफ्टची बारीक थरथर सरावलेल्या कानाला वेगळी भासते ती यामुळे. वेग तोच ठेवून गिअर बदलला आणि आवाज तसाच राहिला, तर इंजिनाला संशयातून मुक्त करण्यास हरकत नाही.

एकसुरी घुमणारा आवाज डांबरावरून सिमेंटच्या रस्त्यावर येताच बदलला तर तो टायरचा समजावा. बदलला नाही, आणि डावीकडे वळताना वाढला, तर भार ज्या बाजूला जातो त्या उजव्या चाकाचे बेअरिंग तपासावे. ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबताच ‘टण्’ असा ठोका बसत असेल, किंवा मंद चालीत लयबद्ध चिवचिव ऐकू येत असेल, तर मिस्त्रीचे लक्ष क्रॉसकडे जाते. चाकांना ओट लावून, गिअर न्यूट्रलला ठेवून, तो गाडीखाली शिरतो आणि क्रॉसच्या अलीकडचा व पलीकडचा भाग दोन हातांत धरून उलटसुलट पिळतो. किंचितही ढिलाई जाणवली की निकाल लागला. कप काढल्यावर आत ग्रीसऐवजी तांबूस भुकटी आणि क्रॉसच्या बोटांवर सुयांच्या आकाराच्या खाचा दिसतात. मात्र शाफ्ट उतरविण्यापूर्वी जोडांवर छिन्नीने खूण करणे अत्यावश्यक आहे, कारण दोन्ही टोकांचे योक एका पातळीत असले तरच एका क्रॉसची चढउतार दुसरा फेडून टाकतो. ही खूण चुकली तर जुना आवाज जाऊन नवा कंप जन्मास येतो.

क्राउन-पिनियनचा सूर भारावर व भाराविना वेगवेगळा निघतो, कारण दातांच्या दोन बाजू आळीपाळीने काम करतात. येथे निदानाचे साधन विलक्षण साधे आहे : तेलात कालवलेला शेंदूर काही दातांना लावून चाक हाताने फिरवायचे, आणि ठसा कोठे उमटतो ते पाहायचे. ठसा दाताच्या टोकाकडे सरकला असेल तर पिनियन क्राउनपासून दूर आहे, बुडाकडे गेला असेल तर फार जवळ आहे. मग शिमांची जाडी बदलून, केसाएवढ्या फरकाने, त्याची जागा ठरविली जाते. अर्धा दिवस या कामात सहज जातो, आणि त्याची मजुरी देताना घासाघीस करणाऱ्या मालकांविषयी मला विषाद वाटतो.

काही आवाज दोषाचे नसतात. मधले डिफरन्शियल नसलेल्या गाडीत कोरड्या सडकेवर फोर-व्हील टाकून वळण घेतले, की पुढची चाके मागच्यांहून लांब कमान कापतात आणि तो फरक सामावण्यास वाव नसल्यामुळे सर्व शाफ्टांत पीळ साठतो. टायर ओरडतात, लिव्हर अडकून बसतो, ट्रान्स्फर केस फुटल्याचा भास होतो. अशा वेळी काहीही खोलू नये. गाडी सरळ रेषेत दोन-चार मीटर मागे घेतली की पीळ सुटतो, लिव्हर टू-व्हीलवर येतो, आणि मिस्त्रीने मालकाकडून घ्यावयाचे ते केवळ वचन उरते, की फोर-व्हील चिखलात, वाळूत वा सैल मुरमावरच टाकली जाईल.